आईच्या गळ्यातली आक्का

आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, दिवस करून मी कॉलेजला परत गेले तेव्हा वर्गात पात्रांची वाटणी होऊन गेली होती.

आमच्या इंग्रजीच्या पेपरात एक भुताची कथा आहे. जुनं मोठं घर, अंधार, वारा आणि मेलेली बाई. अशा कथांना गॉथिक म्हणतात हे मला त्या वर्षीच कळलं. सेमिनारसाठी सरांनी एकेकाला एकेक पात्र दिलं होतं. घराचा मालक एका मुलाला, त्याची नवी बायको एका मुलीला, स्वयंपाकीणबाई दुसरीला आणि शेवटी येणारा पाद्री पुढच्या बाकावरच्या मुलाला. माझ्यासाठी भूत उरलं होतं.

"तुला भूत मिळालं व्हय!" माझी रूममेट हसली आणि लगेच गप्प झाली. "सॉरी गं. तुज्या घरात आत्ताच असं झालंय, आणि मी आपली..."

"असू दे की," मी म्हटलं. मला खरंच वाईट वाटलं नव्हतं. भीती वाटत होती ती इंग्रजीत उभं राहून बोलायची. आमच्या घरात कॉलेजला आलेली मी पहिलीच. दहावीपर्यंत मराठी शाळा. वर्गात प्रश्न विचारायचा असला तरी मी आधी मनात तीनदा वाक्य जुळवते, तोवर तास पुढं गेलेला असतो.

मी सरांना भेटले. भुताबद्दल काय लिहायचं ते सुचत नाही, असं सांगितलं. सर म्हणाले, "भूत तसं पात्र नाही म्हणा. ते वातावरणासाठी असतं. पण प्रयत्न करा. एक सोपी वाट सांगतो. कथेतल्या प्रत्येकाला काय हवंय ते बघायचं. ज्याला काहीतरी हवं असतं, ते पात्र."

कथा अशी आहे. गावाबाहेर टेकडीवर एक घर असतं. मालकाची पहिली बायको वारलेली असते. जेवणाच्या टेबलाशी तिची एक खुर्ची असते आणि स्वयंपाकीणबाई रोज संध्याकाळी त्या खुर्चीपुढं ताट मांडत असते. तिला कुणी सांगितलेलं नसतं आणि कुणी नकोही म्हणत नाही. मग मालक दुसरं लग्न करतो. नवी बायको पहिल्याच दिवशी येऊन नेमकी त्या खुर्चीवर बसते. तेव्हापासून घरात आवाज सुरू होतात. नवी बायको घाबरते, चिडते आणि एक दिवस ती खुर्ची फोडून शेकोटीत घालायला लावते. त्यानंतर मेलेली बाई घरभर फिरते. कधी जिन्यावर बसलेली दिसते, कधी खिडकीच्या कट्ट्यावर, कधी पलंगाच्या कडेला. शेवटी पाद्री येतो, काहीतरी वाचतो, दारातून गार वारा बाहेर जातो आणि नवराबायको जेवायला बसतात. घर शांत होतं.

रूममेट चंदगडकडची. मी तिला ही गोष्ट मराठीत सांगितली तर ती म्हणाली, "एवढं थोरलं घर आणि तिला एक खुर्ची देईनात? आमच्याकडं पावसाळ्यात आठ माणसं आणि चार म्हशी एका सोप्यात बसतात. एक भूत बसलं तर कळायचं पन न्हाय."

मी हसले. पण ती खोलीतून गेल्यावर मी ते पान पुन्हा वाचलं. वर्गात सगळे म्हणत होते की बाई जिन्यावर बसलेली दिसते तिथं अंगावर काटा येतो. माझ्या अंगावर काटा आला नाही. मला वाटलं, बिचारीला बसायला जागा नाही. असं वाटायचं कारण मला माहीत होतं. पण ते वर्गात सांगता येईल असं वाटत नव्हतं.

माझी आई आबांची दुसरी बायको. माझ्या थोरल्या भावाची, दादाची, आई काविळीनं गेली तेव्हा दादा दोन वर्षांचा होता. वर्षभरानं माझी आई या घरात आली. लग्नात तिच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर एक टाकही बांधला. टाक म्हणजे चांदीचा बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर उभ्या बाईची आकृती उठवलेली. पहिली बायको वारली असली की दुसरीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा टाक बांधायचा, अशी आमच्याकडं रीत आहे. दुसरीला जे मिळेल ते आधी पहिलीला द्यायचं. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची, मग नेसायची. हळदीकुंकवाला गेलं की आधी टाकाला बोट लावायचं, मग आपल्या कपाळाला. नाहीतर पहिली रागावते, मुलाबाळांना त्रास देते म्हणतात.

आईनं ही रीत भीतीपोटी सुरू केली असेल. मी बघायला लागले तेव्हा तिच्यात भीती राहिली नव्हती. ती टाकाला आक्का म्हणायची आणि आक्काशी बोलायची. भाकरी करताना पीठ सैल झालं की, "बगा आक्का, पानी जास्त झालं." दादा शाळा बुडवून ओढ्यावर गेला की, "तुमचा ल्योक माजं ऐकत न्हाय. तुमीच सांगा त्याला." दिवाळीला साडी आणली की घडी मोडायच्या आधी पदर टाकाला लावून विचारायची, "आवडली का? न आवडाय काय झालं, म्या दुकानात दोन तास बसून काडलीया."

टाकावरचा चेहरा खरं तर कुणाचाच नव्हता. सोनाराकडं ठसा असतो, त्यावर पत्रा ठोकून सगळ्यांच्याच आक्का तयार होतात. आमच्या आक्काचा फोटो घरात एकही नाही. लग्नाचा एक होता, त्यात मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान एवढंच दिसायचं. तोही पुढं पत्र्याच्या गळतीत भिजून गेला. त्यामुळं दादाच्या परीक्षेला आई तो टाक हातात धरून त्याच्या कपाळाला टेकवायची तेव्हा दादा डोळे मिटून उभा राहायचा. मी पण मागं लागायचे, मला पण लाव. आई मलाही लावायची.

चौथीत असताना मी हे एका मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे तुमच्या घरात भूत हाय." मी रडत घरी आले आणि आईला विचारलं, आक्का भूत आहे का. आई चुलीपुढं होती. म्हणाली, "भूत कसली? घरातली हाय ती. जा, हातपाय धू."

आबा थंडीत गेले. छातीत दुखलं म्हणून मुरगूडला दवाखान्यात नेलं आणि संध्याकाळी आणलं ते तसंच. जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांसारखा आमच्या ग्रामपंचायतीनंही ठराव केलाय की नवरा वारला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्या दिवशी पंचायतीतल्या दोन बायका आईच्या दोन्ही बाजूंना येऊन बसल्या आणि कुणाला काही करू दिलं नाही. मला त्यांचा फार आधार वाटला.

पण टाकाचं काय करायचं, ते ठरावात नव्हतं. ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

विषय दहाव्याच्या दिवशी निघाला, जेवणं झाल्यावर. काढला माझ्या आत्तीनं. आत्ती म्हणजे आबांची धाकटी बहीण, कागलला दिलेली. भावकीतले एक म्हातारे म्हणाले, देव्हाऱ्यात ठेवा. दुसरे म्हणाले, तसं करत नाहीत, घरात भांडण लागतं. आत्ती म्हणाली, "नदीला सोडायचा. माझा भाऊ गेला. आता तिला कशापायी अडकवून ठेवायचं? पंचवीस वर्सं दुसरीच्या गळ्यात लोंबतीया माझी बाई. सुटू दे की तिला."

हे ती रागानं बोलली नाही. बोलता बोलता तिचा आवाज फुटला. आईनं नुसता पदर गळ्याभोवती ओढून घेतला. तिच्या हाताची मूठ पदराआड कशावर मिटली होती ते मला दिसत होतं.

"येत्या अमुशाला येतो मी," आत्ती जाताना म्हणाली. "वेदगंगेला जाऊन सोडूया."

अमावस्या रविवारी होती आणि माझं सेमिनार त्याच्या आधीच्या शुक्रवारी.

मी सरांनी सांगितलेल्या वाटेनं गेले. मालकाला काय हवंय? त्याला कुणी काही विचारू नये असं वाटतं. स्वयंपाकीणबाईला आपली जुनी मालकीण दिवसातून एकदा तरी भेटावी असं वाटतं, म्हणून ती ताट मांडते. नव्या बायकोपाशी मी बराच वेळ अडकले. वर्गात ती सगळ्यांना दुष्ट वाटत होती. माझ्या मनात आईच्या लग्नाचा विचार आला. एकोणीस वर्षांची मुलगी परक्या घरात येते, तिथं प्रत्येक वस्तूवर आधीच्या बाईचा हात फिरलेला असतो, आणि ती दमून समोर दिसेल त्या खुर्चीवर बसते. तिला बसायला दुसरी खुर्ची दाखवायची राहिली, ती कुणी दाखवली नाही. तिला आणि त्या मेलेल्या बाईला एकच गोष्ट हवी होती, बसायला जागा.

पाद्री राहिला. त्याला ती सुटायला हवी होती. अगदी आत्तीसारखं. मला त्याचा राग येईना.

शुक्रवारी मी उभी राहिले. पहिली दोन वाक्यं पाठ केली होती, ती म्हटली. तिसऱ्या वाक्याला गाडी अडली. मागून कुणीतरी "भूत लागलं वाटतंय" म्हणालं आणि पोरं हसली. सर म्हणाले, मराठीत सांगा. मग मी सांगितलं की ही बाई कुणाला मारत नाही, कुणाचा गळा धरत नाही, ती फक्त बसायला जागा शोधत फिरते. आणि घरात चार माणसं आहेत, पण तिला काय हवंय हे एकही माणूस तिला विचारत नाही. पाद्रीसुद्धा विचारत नाही. तो चांगला माणूस आहे, तरी नाही.

आईबद्दल मी काही बोलले नाही.

सरांनी पुस्तकात कथेचं शेवटचं पान उघडलं. मग म्हणाले, "शेवटचं वाक्य काढा सगळ्यांनी. घर शांत झालं, एवढंच लिहिलंय. सुखी झालं असं लेखक म्हणत नाही. हिनं आत्ता सांगितल्यावर माझ्या लक्षात आलं." मी खाली बसले. रूममेटनं बाकाखालून माझ्या गुडघ्याला चिमटा काढला.

शनिवारी मी घरी आले. आई नेहमीसारखी वागत होती, फक्त टाकाशी एक शब्द बोलत नव्हती. मी विचारलं, "तुला नदीला सोडायचंय का आक्काला?"

"माझ्या मनावर कुठं काय हाय? वन्सं थोरल्या मनानं बोलत्यात. त्या तिच्या मैतरणी. माझी कोन ती?"

एवढं बोलून ती चुलीकडं वळली.

रविवारी सकाळी आत्ती पहिल्या गाडीनं आली. पिशवीत फुलं, नारळ, कापूर, पिवळं खणाचं कापड. दादा संस्थेत दूध घालून परत आला होता आणि सोप्यात भिंतीला टेकून बसला होता. तो या विषयावर महिनाभर एक अक्षर बोलला नव्हता. आईनं अंघोळ करून टाक गळ्यातून काढला होता आणि ताटलीत ठेवून त्याला हळदीकुंकू लावलं होतं. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदाच तिच्या गळ्याबाहेर बघत होते. झिजून बाईचं नाक पुसट झालं होतं.

आत्तीनं ताटली उचलली आणि म्हणाली, "चला मग."

कुणी उठलं नाही.

"उन्हं व्हायच्या आत जाऊया की," आत्ती म्हणाली.

"आत्ते," दादा खाली बघतच बोलला, "तू माज्यासाठी सोडत आसशील तर सोडू नगं. मी काय तिला बगितलेली आटवत न्हाय. मला आई म्हटली की हेच आटवतंय. ते पन नदीत टाकलंस तर मग मी बगू कुनाकडं?"

आत्ती ताटली घेऊन तशीच उभी राहिली. मग आई बोलली. ती आत्तीसमोर कधी मोठ्यानं बोलत नाही, त्या दिवशीही आवाज लहानच होता.

"वन्सं, मी या घरात आलो तवा मला मीठ कुठं हाय ते म्हाईत नव्हतं. सासूबाई म्हनायच्या, ती आसं करायची, ती तसं करायची. तुमी पन म्हनायचा. खोटं कशाला बोलू. मग मी चुलीपुढं बसून हिलाच विचारायचो, आक्का, तुमी कसं करायचा वो? सगळ्या घरात मला नावं न ठेवनारी हीच एक. ती सुटावी आसं मला पन वाटतंय. पर तिला जायाचंय का, ते कुनाला ठावं?"

आत्ती खाली बसली. ताटली मांडीवर घेतली. मला वाटलं ती चिडणार. मी मध्येच बोलून गेले, फार विचार करून नाही. "आत्ती, आक्काला काय आवडायचं गं?"

"काय आवडायचं म्हंजे?"

"तशी आवड कशाची होती तिला?"

आत्तीनं टाकावरून अंगठा फिरवला. "भटकायला आवडायचं भवानीला," ती म्हणाली आणि एकदम हसली. "आमी दोगी एका वयाच्या. एका वाकळंत निजायचो. बाजारला जायाचं म्हटलं की ही आदी तयार. पर हिला न्हेणार कोन? म्हायारात आईबाप नव्हतं, भाऊ कदी आला न्हाय. पंचमीला सगळ्या बायका म्हायारला जायाच्या आन ही दारात उभी राहून गाड्या बगायची. माझं लगीन झालं तवा मीच म्हनलं, ये पंचमीला कागलला, मी म्हायारपन करतो तुजं. येतो म्हनली. पोराला घेऊन येतो म्हनली. आन त्या आदीच..."

ती थांबली. पदरानं नाक पुसलं. "शब्द दिला व्हता मी. त्येच टोचतंय मला. मला वाटलं, आता तरी मोकळी करावी."

बाहेर शेजारची म्हैस ओरडत होती. मग आई म्हणाली, "मग न्ह्या की तिला."

"कुठं?"

"कागलला. म्हायाराला. चार दिस न्ह्या. तुमाला भेटल, तिला पन जरा बरं वाटंल."

आत्तीनं मान वर केली. "आगं वैनी, टाक आसा गावाला न्हेत्यात व्हय कोन?"

"सोडायचा कसा ते तरी कुनाला ठावं हाय?"

दादा एकदम मोठ्यानं हसला आणि हसता हसता त्याला खोकला आला. आत्तीही हसायला लागली, डोळे पुसत. "येडी हाईस बग," ती म्हणाली. ती आईला असं म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग लेकीला माहेरी पाठवतात तशी तयारी झाली. आईनं आत्तीनं आणलेलाच खण घेतला, त्यात तांदूळ, नारळ आणि हळकुंड घालून टाकाची ओटी भरली. दादानं आतून एक लहान डबी शोधून आणली. आईनं मऊ कापडाची घडी घालून टाक त्यात ठेवला, झाकण लावलं, पुन्हा उघडलं आणि आत बघून म्हणाली, "जाऊन या आक्का. ऱ्हाऊ नगा तितंच." मग आत्तीकडं वळून, "वन्सं, पुढच्या रईवारी परत आनून सोडा हां. न्हायतर मी येतो न्ह्याला."

"आनतो गं बाई. तुजीच हाय ती."

आई दारापर्यंत आली. तिचा हात राहून राहून गळ्याकडं जात होता आणि मंगळसूत्राशी थांबत होता.

मला कोल्हापूरला परत यायचं होतं, म्हणून आत्ती आणि मी एकाच गाडीत बसलो. गर्दी होती तरी मला खिडकी मिळाली. आत्तीला गाडी लागते, ती कायम आतल्या बाजूला, डोळे मिटून, तोंडात लवंग धरून बसते. त्या दिवशी निढोरी मागं पडल्यावर तिनं मला कोपरानं ढोसलं. "सरक. मला खिडकीला बसू दे."

"तुला लागंल की."

"लागू दे."

आम्ही जागा बदलल्या. आत्तीनं डबी पिशवीतून काढली, दोन्ही हातांत धरली आणि झाकण थोडंसं उघडलं. बाहेर उसाचे ट्रॅक्टर चालले होते. कागल जवळ आलं तसा मोठा रस्ता दिसायला लागला, वरून जाणारा पूल, त्यावरचे ट्रक.

"ह्यो हायवे," आत्ती डबी खिडकीशी धरून हळूच म्हणाली. "तुज्या टायमाला एवडा न्हवता. आता पूल झालाय, आन हितनं तितं जायाला लई वळसा पडतोय. बग नीट. उतरायचं आलं."